हॅगल या शब्दापुढचं माझं वाक्य

आमच्या धंद्यात पैसा नसतो, असं सांगितलं की लोकांना ते खोटं वाटतं. पण खरंच नसतो. मी जवळजवळ तीस वर्षं पुण्यात दारोदार फिरून जुन्या कपड्यांवर भांडी दिली. उंबऱ्याच्या आत घरची बाई, बाहेर मी, मधे एक साडी आणि एक पातेलं. नोट कुणीच काढायची नाही. आम्हाला बोहारीण म्हणतात. काही घरांत भांडीवाली म्हणत आणि मला ते जास्त आवडायचं. बोहारीण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गाठोडं येतं, भांडीवाली म्हटलं की टोपली. गाठोडं त्यांच्या घरातून निघायचं, टोपली माझ्या भांडवलातून भरलेली असायची.

ज्यांनी हे कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी धंदा थोडक्यात सांगते. रविवार पेठेतून किलोवर स्टीलची भांडी घ्यायची. टोपली डोक्यावर घेऊन दुपारी निघायचं, कारण सकाळी बाईला फुरसत नसते आणि संध्याकाळी घरात पुरुष असतात. पुरुष मधे आले की सौदा बिघडतो. ते एकतर म्हणतात, देऊन टाक, नाहीतर म्हणतात, काही नको. मिळालेले कपडे घरी आणून निवडायचे. धड पँट-शर्ट धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून जुन्या बाजारात. मऊ सुती साड्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांकडे. अगदीच विरलेलं सुती कापड गॅरेजवाल्यांना हात पुसायला. खऱ्या जरीची साडी मिळाली तर तो दिवस वेगळा, कारण ती जर जाळून चांदी काढणारे लोक असतात. नायलॉनला कुणी विचारत नाही, आणि बाई कपाटातून सगळ्यात आधी नेमकी नायलॉनचीच साडी काढते.

चांगली साडी ती मागे ठेवते. मीही मोठा डबा वर दिसेल असा ठेवायचे, आणि द्यायचं असायचं ते त्याच्या खालचं पातेलं. हे दोघींनाही माहीत असायचं. तासभर बोलणं झालं, आवाज चढले, एकमेकींच्या वस्तूंना नावं ठेवून झाली, की मी टोपली उचलून जिना उतरायला लागायचे. हा सगळ्यात अवघड भाग. फार हळू उतरलं तर बाईला कळतं की हिला परत यायचंय. भराभर उतरलं तर तिला हाक मारायला वेळच मिळत नाही. नेमकं उतरता आलं की जिन्याच्या वळणावर वरून आवाज येतो, "अगं ए, ये वर! ने बाई, ने!" हाक आल्याशिवाय परत चढायचं नाही. आपण होऊन चढलं की त्या घरात आपला शब्द कायमचा पडला.

मी या धंद्यात आले ती नवऱ्याचं खडकीतलं कंत्राटी काम सुटलं म्हणून. शेजारणीने तिची जुनी टोपली दिली आणि एक सल्ला दिला, रागावू नकोस. टोपली मी वापरली. कोथरूडला एका बाईने माझ्या पातेल्याला पत्रा म्हटलं, तेव्हा ते पातेलं मी तिच्याच पायरीवर जोरात आपटून दाखवलं. पातेल्याला पोचा आला नाही. फरशी फुटली. त्या इमारतीत मला पुन्हा कुणी वर घेतलं नाही, पण ते पातेलं अजून माझ्या घरात दूध तापवायला आहे.

गिऱ्हाइकं एकेक नग. खडकीला लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. स्वतःच्या पँटी धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून द्यायचे आणि बदल्यात फक्त पेले मागायचे. दर खेपेला पेले. मी एकदा विचारलं, "साहेब, घरात एकटे तुम्ही. एवढे पेले करता काय?"

"मित्र येतात."

"मग?"

"मग जाताना पेले घेऊन जातात."

असल्या माणसाशी काय ताणणार?

पण मी दारोदार फिरणं सोडलं ते खराडीच्या एका मुलीमुळे. मोठी सोसायटी, नवरा-बायको दोघं संगणकाच्या कंपनीत. एरवी अशा फाटकातून आम्हाला आत सोडत नाहीत, पण तिने मुद्दाम बोलावलं होतं. वर गेले तर दाराबाहेर कपड्यांचा हा ढीग. चांगले कपडे, काहींना तर दुकानाची चिठ्ठी तशीच लटकलेली. मी बसले, टोपली सोडायला लागले.

"नाही नाही मावशी, बदल्यात काही नको. सगळं घेऊन जा."

"काहीच नको?"

"अहो, आम्ही घर डीक्लटर करतोय. तुम्हीच उलट आमची हेल्प करताय."

"एक कढई ठेवते. जाड बुडाची आहे."

"कढई आमचा कुक त्याच्या चॉइसची आणतो. प्लीज, तुम्ही फक्त न्या."

मला तीस वर्षांत लोकांनी चोर म्हटलं, लबाड म्हटलं, पाणी मागितलं तर वेगळा पेला दिला. पण त्या गोड बोलणाऱ्या मुलीइतकं लहान मला कुणी केलं नव्हतं, आणि तिचा हेतू तर चांगलाच होता. बदल्यात काही दिलं नाही, दोन शब्द घासाघीस केली नाही, तर मी धंदा करायला आले होते की मागायला? जाताना ती कढई मी तिच्या चपलांच्या कपाटामागे सरकवून ठेवली. अजून तिथेच असेल. तिथे कोण झाडतं कुणास ठाऊक.

त्यानंतर वारज्याला आमचं भांड्यांचं दुकान झालं. मुलाने पहिल्याच दिवशी पाटी लावली, एकच भाव. मी गल्ल्यावर बसते. गिऱ्हाईक तोंडातून शब्द न काढता पैसे भरतं आणि जातं. पाटी उतरवायला मी मुलाला अनेकदा सांगितलं. तो म्हणतो, "आई, लोकांना वेळ नाही." लोकांना वेळ नाही हे मला पटतं. माझी जीभ शिवशिवते त्याचं काय करू, हे तो सांगत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले ती सांगते.

एरंडवण्यात एका घरी मी पहिल्या वर्षापासून जात होते. तिथल्या बाईंना आपण सुनंदावहिनी म्हणू. त्यांचे यजमान कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही. वहिनी म्हणजे माझ्या धंद्यातलं सगळ्यात कठीण गिऱ्हाईक. भांडं उपडं करायच्या, टिचकी मारायच्या, कानाशी न्यायच्या. नंतर नंतर तर आतून फ्रीजवरचं चुंबक आणून बुडाला लावायला लागल्या.

"चिकटलं बघ, कमल. हे काही चांगलं स्टील नाही."

"चुंबक कुठलं आहे वहिनी?"

"महाबळेश्वरचं. का?"

"त्यावर स्ट्रॉबेरी काढलीय. तिला स्टीलमधलं काय कळतंय?"

"तिला नसेल कळत. मला कळतं. ही साडी बघ, एकदा नेसलेली आहे."

"एकदा नेसलेली साडी खांद्यावर विरते होय?"

"पदर जड होता."

"यावर वाटी देते."

"वाटी? डबा दे. झाकणाचा."

"डब्याला दोन पँटी लागतील सरांच्या."

"ह्यांच्या पँटी अजून ह्यांच्या अंगावर आहेत. त्या उतरल्या की सांगते."

आतल्या खोलीत सर वाचत बसलेले असायचे. त्यांना हे सगळं ऐकू जायचं. कधी कधी हसल्याचा आवाज यायचा. ते कधी बाहेर आले नाहीत, म्हणून मला ते आवडायचे.

दुकान झाल्यावरही वहिनींचं घर मी सोडलं नाही. वर्षातून एकदोनदा त्या फोन करायच्या, "कपाट आवरलंय, ये." मी दुकानातलीच चार भांडी पिशवीत घालून जायचे. टोपली नव्हती, पण उंबऱ्याशीच बसायचे. वहिनी म्हणायच्या, आत सोफ्यावर बस. मी म्हणायचे, सोफ्यावर बसून मला बोलता येत नाही.

अशीच एकदा गेले तर दिवाणखान्यात सगळीकडे कागद. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि ते मराठी मुलांसाठी इंग्रजी क्रियापदांचा कोश करत होते. प्रत्येक क्रियापद, ते आलं कुठून, अर्थ काय, कसं वापरायचं आणि त्याचं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकाचा माणूस कागद न्यायला येणार होता. मला पाहून सर खूश झाले.

"कमलबाई, बरं झालं आलात. तुम्हीही आहात यात."

"मी? इंग्रजीत?"

त्यांनी कागद शोधला. हॅगल असा शब्द. त्यांनी आधी इंग्रजी वाक्य वाचलं, मग मराठीत सांगितलं, "चिंध्यावाली एका जुन्या साडीवरून तासभर घासाघीस करत राहिली."

मला वाटलं आणखी पुढे काही असेल. नव्हतं.

"आणि वहिनी कुठे आहेत?" मी विचारलं.

"वहिनी स्वयंपाकघरात आहेत."

"वाक्यात कुठे आहेत?"

सर जरा गोंधळले. "वाक्यात त्या नाहीत."

"मग मी तासभर कुणाशी घासाघीस करत होते सर, उंबऱ्याशी?"

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. काय झालं ते त्यांना सांगितलं. मला वाटलं त्या माझी बाजू घेतील. तर त्या म्हणाल्या, "माझं नको बाई त्यात काही. मी कुठे घासाघीस करते? मी आपली विचारते फक्त."

"विचारता? चुंबक लावून विचारता?"

"चौकशी म्हणतात त्याला."

मी सरांना म्हटलं, वाक्य बदला. माझी नात वारज्याला इंग्रजी शाळेत जाते. हे पुस्तक तिच्याच वयाच्या मुलांसाठी. ती हा शब्द शोधेल आणि वाचेल की एक चिंध्या गोळा करणारी बाई दुसऱ्याच्या दारात बसून तासभर मागत होती, आणि दार गप्प होतं. गप्प दारात बसून मागणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते तिलाही कळतं.

सर म्हणाले, "कमलबाई, हे फक्त उदाहरण आहे. कुणा एकीबद्दल नाही."

"आत्ताच म्हणालात, मी आहे यात."

सरांनी कागद परत ढिगात ठेवला. माझं डोकं फिरलं. भांडी पिशवीत कोंबली, वहिनींनी काढून ठेवलेली साडी होती तिथेच टाकली आणि निघाले. दार मीच ओढून घेतलं, ते जरा जोरात लागलं.

जिना उतरायला लागले. पाय आपोआप जुन्या हिशोबाने पडत होते, फार हळू नाही, फार भराभर नाही. वळण आलं. वरून आवाज नाही. खालचा मजला आला. नाही. फाटकाशी येऊन मी पिशवीची गाठ उगीच सोडून पुन्हा बांधली. त्या घराने मला हाक मारली नाही असं कधी झालं नव्हतं. आणि कागद तर सकाळी जाणार. एकदा छापलं की ते पुस्तक शाळाशाळांत जाणार आणि मी कुठल्या कुठल्या शाळेत जाऊन सांगणार, की अहो, समोर अजून एक बाई होती? वर चढून जायचं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. निघून जायचं तर वाक्य तसंच राहत होतं. मी तिथे उभी राहिले. रखवालदाराने विचारलं, "मावशी, रिक्षा पाहिजे का?" त्याच्याकडे मी असं बघितलं की तो आत जाऊन बसला.

मग चपलांचा आवाज आला. वहिनी स्वतः खाली आल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात आणि लिफ्ट बंद होती.

"भांडायला आलीस ना? मग पुरतं भांडून जा. अर्धवट टाकून निघालीस. चहा ठेवलाय."

"तुम्ही हाक का नाही मारली?"

"घसा बसलाय माझा. मारली होती. तुला आली नाही ऐकू, एवढ्या रागात होतीस."

त्यांनी खरंच हाक मारली होती का, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. वर गेलो.

चहा घेताना सरांनी मला तो शब्द समजावून सांगितला. मी तो जसा समजले तसा सांगते. जुन्या काळी उत्तरेकडून समुद्रावरून लोक इंग्लंडात आले. त्यांच्या भाषेत कुऱ्हाडीने घाव घालणे, तोडणे अशा अर्थाचा शब्द होता, त्यावरून हे हॅगल आलं. आधी त्याचा अर्थ बोथट हत्याराने वेडंवाकडं तोडणं असा होता. किमतीवरून हुज्जत घालणं हा अर्थ नंतरचा, म्हणजे एकेक टवका उडवत भाव खाली आणायचा. मला हे आवडलं. आपण मराठीत घासतो, ते लोक टवके काढतात. मी भांड्यांची बाई, मला घासणं बरं वाटतं. घासून कुणाचा जीव जात नाही.

"पण खरं सांगतो," सर म्हणाले, "या क्रियापदाला जरा हलकी छटा आहे. बाजारात, रस्त्यावर, किरकोळ गोष्टीसाठी चिवटपणे करायचं ते हॅगल. मोठ्या कंपन्या करतात त्याला निगोशिएट म्हणतात. देशही निगोशिएट करतात."

"म्हणजे काम एकच. गाडीतून उतरून केलं तर निगोशिएट."

"साधारण तसंच," सर हसले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "म्हणूनच मी हिला त्यात घातलं नाही. आपल्या घरातल्या माणसाला असा शब्द कसा लावायचा, असं वाटलं."

ते सरळ मनाने बोलले. म्हणूनच ते लागलं. मी कप खाली ठेवला. "हलका होता म्हणून माझ्या वाट्याला आला," एवढंच म्हटलं. ओरडलेही नाही. माझ्यासारखीने ओरडलं नाही की लोक घाबरतात, सरही जरा घाबरले.

बोलल्या त्या वहिनी.

"अहो, एक विचारू? स्वयंपाकघरात जाऊन या आणि सांगा, त्यातलं तुम्ही काय आणलंय."

"म्हणजे?"

"पगार तुमचा. घर तुमच्या नावावर. भाजीचे पैसे तुम्ही मोजून देत होतात, मी मोजून घेत होते. तक्रार नाही. पण तो मोठा डबा, त्या पराती, पोह्यांचं पातेलं, पाहुणे आले की निघतात ती ताटं, ही मी मिळवली. तिथे बसून." त्यांनी उंबऱ्याकडे बोट केलं. "हिच्याशी भांडून. माझी म्हणावी अशी कमाई तेवढीच. आणि ती हलकी होती म्हणून तुम्ही पुस्तकातून मला काढून टाकलंत?"

"आत्ता तर म्हणालीस की तू फक्त चौकशी करायचीस!"

"ते हिला म्हटलं. हिच्यापुढे कबूल केलं तर पुढच्या वेळी डबा देईल का ही?"

सरांनी तो कागद पुढे ओढला. मग त्यांनी पेन उघडलं. आणि मग आम्ही तिघं त्या एका वाक्यावर जे बसलो, तसा सौदा मी आयुष्यात केला नाही.

पहिलं म्हणजे चिंध्यावाली गेली पाहिजे, हे मी मांडलं. सर म्हणाले, इंग्रजीत बोहारणीला शब्द नाही. मी म्हटलं, भांडी विकणाऱ्या बाईला असेल. तो निघाला. मग वहिनींना काय म्हणायचं? सर म्हणाले, गृहिणी. वहिनी म्हणाल्या, "गृहिणी काय, मी काय साबणाच्या जाहिरातीत आहे? घरची बाई म्हणा." मग तास की दुपार, यावरून झालं. मी दुपारवर अडून बसले, कारण तासात वहिनींचं कधी चुंबकसुद्धा बाहेर येत नसे. मग सरांनी आपल्या मनाने एक शेपूट जोडलं, की शेवटी दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटलं.

"मला वाटलं नाही," वहिनी म्हणाल्या. "मी जिंकायचेच."

"वहिनी, तो जाड डबा आठवतो? त्यावर तुम्ही जरीची साडी दिलीत."

"जर खोटी होती ती."

"खोटी नव्हती."

वहिनी कपबशा उचलायला लागल्या. त्यांना हे तेव्हाच कळलं असावं. उचलता उचलता म्हणाल्या, "बरं, 'वाटलं' असंच ठेवा मग."

सर म्हणाले, "वाक्य फार लांब होतंय." आम्ही दोघी एकदमच म्हणालो, होऊ द्या. त्यांनी ते नीट अक्षरात लिहून काढलं आणि जुनं वाक्य आडव्या रेघेने खोडलं. मी निघाले तेव्हा ती साडी वहिनींनी माझ्या पिशवीत घातली आणि बदल्यात तूप कढवायचं पातेलं घेतलं. त्यावरही बोलणं झालंच. तेवढं झालं नसतं तर मला घरी जाऊन झोप लागली नसती.

पुस्तक आलं ते बऱ्याच महिन्यांनी. जाडजूड, चकचकीत. सरांनी माझी प्रत ठेवली होती. मी तिथेच उभ्याने हॅगल काढलं. नातीकडून इंग्रजी अक्षरं मी एव्हाना शिकले होते. शब्दापुढे अर्थ होता, कुऱ्हाडीची हकीकत होती, आणि वाक्य होतं चार-पाच शब्दांचं. सरांनी मराठीत सांगितलं, "त्यांनी किमतीवरून घासाघीस केली."

त्यांनी म्हणजे कुणी? आणि किंमत? आमच्या धंद्यात किंमत कधी नव्हतीच!

सरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी प्रकाशकाकडे फोन लावला आणि माझ्या हातात दिला, कारण त्यांना भांडता येत नाही. पलीकडे एक मुलगी होती.

"हो मावशी, ते आम्ही सगळीच एक्झाम्पल्स शॉर्ट केली. स्पेस इश्यू होता."

"त्या वाक्यात दोन बायका होत्या. त्या कुठे गेल्या?"

"अं... मीनिंग तर क्लिअर आहे ना?"

"मीनिंग क्लिअर आहे. बायका कुठे गेल्या?"

"सेकंड एडिशनला नक्की बघू आपण."

ती मुलगी उद्धट नव्हती. माझ्यावर ओरडलीही नाही, म्हणून मला पकडायला काही मिळालं नाही. आमच्या तिघांच्या दुपारीवर तिने कात्री चालवली होती आणि तिला ती कुठली दुपार हेही माहीत नव्हतं. चिंध्यावाली गेली एवढं खरं. आधीच्या वाक्यात मी निदान वाईट का होईना, होते.

सर फार खजील झाले. म्हणाले, "आणा तुमची प्रत. मी हाताने लिहून देतो, खाली सही करतो." मी नको म्हटलं. हाताने लिहिलेलं माझ्या घरच्या कपाटात राहणार. मला छापलेलं हवं होतं, लोकांपुढे. दुसऱ्या आवृत्तीची मी वाट बघते आहे. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांनाही ती बघायची आहे, पण प्रकाशक फोन उचलत नाही. या गोष्टीचा मला जो राग आहे तो गेलेला नाही, आणि घालवायचा माझा विचारही नाही.

या अंकाचे संपादक माझ्या दुकानात डबा घ्यायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, तुमच्या धंद्याबद्दल दिवाळी अंकात लिहा, थोडक्यात. मी म्हटलं लिहिते, पण माझ्या अटीवर. लेखात बाकी कुठेही काटछाट करा, कोथरूडची फरशी काढा, खडकीचे पेले काढा, एक वाक्य मात्र अक्षरही न बदलता छापायचं आणि त्यानंतर काही छापायचं नाही. ते म्हणाले, जागेचं बघावं लागेल. मी डबा परत कपाटात ठेवला. ते दारापर्यंत गेले. मी हाक मारली नाही. ते आपण होऊन परत आले.

वहिनींची परवानगी घेतली. त्यांनी नाव बदलायला सांगितलं आणि वर एक चाळणी घेतली. सरांनी वाक्य मराठीत करून दिलं. ते असं:

हॅगल, क्रियापद. घासाघीस करणे. भांडीवाली आणि घरची बाई एका जुन्या साडीवरून सगळी दुपार घासाघीस करत राहिल्या, आणि शेवटी दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटलं.